जिथं ओढत नाहीत तिथं

वडगावात ज्याच्या कंबरेत कधी उसण भरली नाही असा विणकर मी पाहिलेला नाही. घरातच जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून माणूस सकाळी मागावर बसतो तो दिवेलागणीलाच उठतो. मधल्या वेळात धोटा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. कंबर काय लाकडाची आहे? एखाद्या दिवशी उठताना चमक येते आणि माणूस तसाच अर्धा वाकलेला राहतो.

आता माझं काम बाळंतपणाचं. सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणून सगळी हयात बेळगाव, शहापूर, वडगाव आणि आसपासची खेडी ह्यांत गेली. तरी मी कंबरेपासून सुरुवात करते आहे. ह्या अंकाच्या संपादकांनी 'तुमची सर्वांत अवघड केस लिहा' असं कळवलं, आणि ती केस लोकांच्या कंबरांमुळेच अवघड झाली. पोटातलं बाळ बिचारं आपलं निमूट बसून होतं.

उसणीवर आमच्याकडे औषध एकच, पायाळू माणसाचा पाय. जन्मताना जो डोक्याऐवजी पायांकडून येतो तो पायाळू. दुखणाइतानं पालथं पडायचं आणि पायाळूनं उसणीच्या जागी हलकी लाथ मारायची, की उसण गेली. मी शिकलेली बाई, मी ह्यावर हसायला हवं, आणि हसायचेही. पण वडगावातल्या एका गल्लीतला म्हातारा पायाळू वारला तेव्हा त्याच्या तिरडीमागून निम्मी गल्ली कंबरेवर हात ठेवून चालली होती. त्यानंतर गल्लीत पायाळू कोणी उरला नाही. उसण भरली की उचगावच्या पायाळूकडे जायचं, आणि वाकलेल्या माणसाला बैलगाडीतून तिथवर नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सुंद्रा ही त्या गल्लीतल्या मारुती विणकराची बायको. लढाईची वर्षं होती, सूत मिळायची मारामार, आणि मिळालं तर मारुतीची कंबर धरलेली. त्यामुळे माग निम्मा वेळ बंदच. घरात तिघंच माणसं, मारुती, सुंद्रा आणि मारुतीची आई. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही आक्काच म्हणायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सुंद्राला आठवा सरत आला होता. मला पहिलं नवल हे वाटलं की ही अजून इथं कशी? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्यातच आईबाप येऊन घेऊन जातात. सुंद्राचं माहेर कोगनोळीचं. मी निपाणीची, त्यामुळे कोगनोळी म्हणजे माझ्या अंगणातलीच. मी विचारलं, "माहेरी कधी जाणार गं?"

"तिकडं दवाखाना न्हाय," ती म्हणाली आणि रहाटावर सुताची कांडी भरत राहिली.

आक्का कुरकुरली. "हिची आई न्यायला आलती. ही जात न्हाय म्हणून हटून बसली. आता लोक म्हणत्यात, सासूनंच धाडली न्हाय. बसलोय मी बोल खात."

मी पोट तपासलं. बाहेरच्या लोकांना हे जादूसारखं वाटतं, पण हाताची सवय आहे, दुसरं काही नाही. बाळाचं डोकं कडक आणि गोल लागतं, बोटानं ढकललं की मानेवर सुटं हलतं. बूड मऊ, ते हलवलं तर सगळं बाळच हलतं. नंतर लाकडी नळी लावून बाळाचं काळीज ऐकायचं. डोकं खाली असेल तर ठोके बेंबीच्या खाली ऐकू येतात, वर असेल तर बेंबीच्या वर. सुंद्राचे वर ऐकू आले. आणि मी आपली सवयीनं बोलून गेले, "बाळ उभं आहे गं. डोकं वर, बूड खाली."

दुपारपर्यंत ते सगळ्या गल्लीला कळलं. पायाळू येणार. परत निघाले तर ओट्यावर बसलेला एक म्हातारा मला चक्क नमस्कार करून म्हणाला, "बाई, नीट सांभाळा त्येला."

त्येला. जिच्या पोटात ते होतं तिचं नाव कुणी काढलं नाही.

इथं थोडं समजावून सांगते. बाळ आधी डोक्यानं आलं तर अंगाचा सगळ्यात मोठा भाग सावकाश वाट काढत येतो आणि मागचं अंग अलगद सुटतं. उभ्या बाळाचं उलटं. बूड येतं, पोट येतं, हात येतात, आणि सगळ्यात मोठं डोकं शेवटी, त्या वेळी नाळ दाबलेली असते. थांबायला सवड नसते आणि घाई करायची सोय नसते. त्यातून वाटा तीन. दिवस भरायच्या आधी पोटावरून हातानं बाळ फिरवून बघायचं. नाहीतर तसंच येऊ द्यायचं, पण जाणत्या हातांत. नाहीतर दवाखान्यात पोट उघडून काढायचं, आणि त्या काळात त्याचं नाव काढलं तरी घरची माणसं टांगा परत फिरवत.

ह्यातली चांगली वाट कोणती? मला विचाराल तर मी आजही गोंधळते. उचगावला एका शेतकऱ्याच्या घरी मी वहाणा काढीपर्यंत बाळ पायांकडून बाहेर येऊन रडतही होतं, आणि बाळंतीण मलाच म्हणाली, "बाई, च्या तरी घ्या." आणि खानापूरकडे एका घरी सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं आणि रिकाम्या हातानं परत आले. तेव्हापासून कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मला त्याचाच संशय येतो.

मी सुंद्राला टांग्यात घालून शहरातल्या बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मितभाषी. हात गरम व्हावेत म्हणून त्यांनी ते आधी चोळले, पोटावर ठेवले, आणि डोकं एका हातानं खाली, बूड दुसऱ्या हातानं वर असं हळूहळू सरकवत बाळ फिरवलं. सुंद्रानं ओठ चावून धरला होता. ठोके ऐकले, ठीक होते. डोकं खाली आलं. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवून वरून पट्टा बांधला, की बाळ पुन्हा वळू नये.

गल्लीत परतलो तर सुतक पडल्यासारखी शांतता. आक्का पाणी द्यायलासुद्धा पुढे झाली नाही. शेवटी म्हणाली, "देवानं सरळ बसविल्यालं, तुमी उलटं केलंसा."

"उलटंच होतं, आक्का. सुलट केलं."

"त्ये कुणी ठरवायचं?"

मला राग आला. पण आत मारुती भिंतीला धरून उठत होता आणि उठता उठता थांबला होता, हेही मला दिसत होतं. त्या बाईचा मुलगा ऐन उमेदीत वाकलेला. घरातच औषध जन्माला येणार होतं, ते मी काढून घेतलं. तिचं चुकत होतं, पण तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला सांगता येणार नाही.

पुढच्या खेपेला गेले, पोटावर हात ठेवला आणि माझंच डोकं फिरलं. वर पुन्हा काहीतरी कडक, गोल. नळी लावली. ठोके बेंबीच्या वर. पट्टा मात्र जागच्या जागी.

मी आक्काला सरळ विचारलं, "पट्टा सोडला होता का? कुणाकडून चोळून घेतलं?"

आक्का उठली, मागापाशी गेली आणि मागावर तळहात ठेवून म्हणाली, "ह्येची आण. न्हाय सोडला." विणकर मागाची खोटी आण घेत नाही. मारला तरी घेत नाही. मग फिरवलं कुणी?

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. "बाळं आपली आपण फिरतात. पट्ट्याचा उपयोग होतो की नाही, हेही मला नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग बांधलात कशाला?"

"काहीतरी केलं असं वाटावं म्हणून."

मग त्यांनी मला सगळं मोकळेपणानं सांगितलं. पुन्हा फिरवता येईल, पण आता दिवस भरत आलेत, पाणी कमी झालंय. जबरदस्ती केली तर आतली वार वेळेआधीच सुटायची भीती. पोट उघडलं तर त्यांच्या हाताखालून बायका उठल्या होत्या आणि न उठलेल्याही होत्या. आणि तसंच येऊ दिलं तर बहुतेक येईल. "बहुतेक," त्या पुन्हा म्हणाल्या. मी घरी येऊन माझी जुनी पुस्तकं काढली. एकात लिहिलेलं, फिरवा. दुसऱ्यात लिहिलेलं, हात लावू नका. दोन्ही विद्वानच. मी पुस्तकं मिटली आणि भात टाकला.

दुसऱ्या दिवशी वडगावला गेले तेव्हा आक्का देवळात गेली होती आणि मारुती सुताच्या खटपटीला. सुंद्रा एकटी रहाट फिरवत होती. तोपर्यंत आक्का काय म्हणते, मारुती काय म्हणतो, गल्ली काय म्हणते, डॉक्टरीणबाई काय म्हणतात, सगळं ऐकून माझं डोकं पिकलं होतं. हिचं तेवढं कुणी ऐकलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "सुंद्रा, तुला काय पाहिजे?"

तिनं रहाट थांबवला. "मला जगायचंय," ती म्हणाली. "माझी थोरली भन अशीच गेली. अंग आलं आन डोस्कं अडकलं. मग वढलं. बाळबी गेलं आन तीबी गेली. मी दाराशी हुतो."

आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी हुतो' असंच म्हणतात. मला त्या क्षणी ती खरंच दारातलं लहान पोर वाटली.

"फिरवलं तर जगीन, का न फिरवता?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही गं."

"डाक्टरीणबायला?"

"त्यांनाही नक्की माहीत नाही."

ती थोडं हसली. "तुमाला म्हाईत न्हाय, त्येनला म्हाईत न्हाय, मग माझ्या सासूलाच कशानं म्हाईत असंल?" मग हसू गेलं. "मग असं करा. जिथं वढत न्हाईत तिथं न्या मला. पायाकडनं येऊ दे, डोस्क्याकडनं येऊ दे. फकस्त कुणी वढायचं न्हाय."

एवढे दिवस आम्ही सगळे कोणत्या बाजूनं ह्याचीच चर्चा करत होतो. तिला बाजूशी कर्तव्यच नव्हतं. तिला हातांची भीती होती.

आक्काशी मी भांडायच्या तयारीनं बोलले. म्हटलं, पुन्हा फिरवणार नाही, पण बाळंतपण घरात नाही, दवाखान्यात. माझा अंदाज होता की ती अडून बसेल. तर ती म्हणाली, "टांगेवाल्याला मी सांगून ठेवतो." न फिरवण्याची खुशी होती की सुनेची काळजी, हे मला त्या वेळी ओळखता आलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या भल्या सकाळी. दवाखान्यात पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. बूड खाली उतरू लागलं. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले, पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जे केलं ते विसरणार नाही. त्यांनी हात धुतले, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून धरले. पुढे आणलेच नाहीत. माझ्या मात्र बोटांना कंड सुटली होती. समोर अर्धं बाळ दिसत असताना हात न लावणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम.

"वढत न्हाईत न्हवं?" सुंद्रा विचारायची.

"कुणीही हात लावलेला नाही. तूच आणते आहेस," मी म्हणायची. दर कळेला तिचा हाच प्रश्न आणि माझं हेच उत्तर.

बूड आलं, पाठ आली. पाय सरळ वर, बोटं कानांशी, अशी घडी घालून बसलेलं. मग पाय सुटले, खांदे आले आणि बाळ स्वतःच्या वजनानं लोंबत राहिलं. डॉक्टरीणबाई मानेकडे बघत थांबल्या. मानेवरचे केस दिसले तेव्हा कुठं त्यांनी हात पुढे केले, बाळाचे घोटे धरले आणि अंग सावकाश वर उचलत गेल्या. हनुवटी आली, तोंड आलं, कपाळ आलं. मुलगी. निळी, मलूल. मी तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, देवाचं नाव घेतलं. बराच वेळ तिनं आवाज केला नाही. मग शिंकली आणि रडायला लागली. सुंद्राही रडायला लागली आणि खरं सांगायचं तर मीही.

आक्का बाहेर व्हरांड्यात बसली होती. आता ती आधी पायांचंच विचारणार, ह्याची मला खात्री होती. ती उठली आणि म्हणाली, "सुंद्री कशी हाय?"

"चांगली आहे."

आक्कानं पदरानं तोंड पुसलं, पाणी मागून घेतलं. आणि मगच विचारलं, "आन पाय आदी आलं न्हवं?"

आता मी पेचात पडले. पाय आधी आले नव्हते. बूड आधी आलं, पाय मागून. मी तसंच सांगितलं. आक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हंजे पायाळू का न्हाय?"

"आक्का, ते माझ्या पुस्तकात नाही."

पुढं कितीतरी दिवस गल्लीत ह्यावरून दोन तट. एक तट म्हणायचा, पाय आधी नाहीत तर पायाळू कसली. दुसरा म्हणायचा, बुडालाच पाय जोडलेले आहेत, वेगळे मोजता येत नाहीत. मी दिसले की दोन्ही तट मलाच गाठायचे. शेवटी एका म्हाताऱ्यानं निकाल दिला, की पोर चालू लागली म्हणजे उसणीवरच परीक्षा बघायची.

पोर वर्षाची होऊन पाऊल टाकू लागली तशी पहिली परीक्षा बापावर. मारुती पालथा पडला, आक्कानं नातीला त्याच्याशेजारी उभं केलं, सगळी गल्ली दारात. पोरीनं लाथ मारावी म्हणून सगळे सांगतायत. तिनं बापाच्या पाठीकडे पाहिलं, वर चढली आणि कंबरेवर बूड टेकून बसली. उठेचना. मारुती काही वेळानं म्हणाला, "सुटल्यागत वाटतंय." बस, ठरलं. जशी आली तशीच औषध देते. तेव्हापासून त्या घरापुढे माणसं पालथी पडायला लागली. मी कुणाची कंबर तपासली नाही. मारुतीचा माग मात्र सुरू झाला होता, हे आवाजावरून रस्त्यातच कळायचं. कशानं, ते विचारू नका.

जावळाला मला बोलावणं होतं. त्या दिवशी सुंद्राची आई कोगनोळीहून आली. बारशाला आली नव्हती, नातीला अजून पाहिलं नव्हतं. तंबाखू निवडून निवडून बाई कायमची वाकलेली. दारातच बसली, आत येईना. बायका म्हणाल्या, "आजी, घरातच औषध हाय, पडा की पालथं." ती नुसती मान हलवत होती.

पोर आपणहून तिच्याकडे गेली. म्हातारीनं तिचे दोन्ही पाय तळहातांत घेतले आणि कितीतरी वेळ बघत बसली. मग कुणाकडे न बघता म्हणाली, "थोरलीच्या बाळाचं पाय असंच हुतं. मीच वढलं. सुईण नगं म्हणत हुती. मी आई, माझी लेक वरडत हुती. वाटलं, वढलं म्हंजे सुटंल."

सुंद्रा माहेरी का गेली नाही, हे मला तेव्हा कळलं. लेक सासरी राहिली, सासूनं बोल खाल्ले, आणि हिनं कोणापुढं आईचं नाव घेतलं नाही. माझ्यापुढंसुद्धा नुसतं 'वढलं' एवढंच म्हणाली होती.

सुंद्रा उठून आईजवळ गेली. "म्हाईत हाय आये," ती म्हणाली. "तू पालथी पड बघू."

म्हातारी पडली. कपाळ जमिनीला टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. पोर तिच्या पाठीवर चढली, कंबरेवर बसली आणि हातातल्या रिकाम्या कांडीशी खेळत राहिली. भटजी खोळंबले होते, जेवणं व्हायची होती. आक्का नातीला उचलायला वाकली. सुंद्रानं सासूचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तिची ती उतरंल."

मग पोर आपली आपण उतरेपर्यंत आम्ही सगळे तसेच थांबलो.